घट

वीस तारीख उलटली की आमचा डबा मंदावतो.
महिन्याला शंभर जीबी,
आणि घरात माणसं दोन:
मी, आणि जेवून झोपणारा दीर मोनाप्पा.
साडीची एक ऑर्डर बघायची तर
पान उघडेस्तोवर चहा निवतो.

केबलवाला इराप्पा दारातूनच म्हणाला,
"भाळ यूज आगेत्री, अक्का."
कुणी केला रे?
त्यानं वर बघितलं.
वर आमचे पत्रे होते.

वडगावात पस्तीस वर्षं सूत तोलून दिलंय मी.
कांड्या देताना वजन, साडी घेताना वजन,
मधे जे कमी भरेल ती घट.
तोळाभर घट असली तरी
माणसाच्या तोंडावर आधी दिसायची, काट्यावर नंतर.
शंभरचे शंभर कुठं गेले
हे मला कुणी वर बघून सांगू नये.

एक तारखेला, पॅक नवा झाल्यावर,
रात्री अकराला बसले.
कॉम्प्युटर आमचा बंद होत नाही.
हुबळीला जाताना पुतण्या कल्मेश सांगून गेला होता,
"राहू दे काकू, रात्रीचं तो आपलं आपण आवरतो."
मी काहीच उघडलं नव्हतं. हात मांडीवर.
तरी डब्यावरचा हिरवा दिवा
लुकलुक, लुकलुक.
माग बंद आणि धोटा कोण फेकूलालाय?

इथं दाब, तिथं दाब, शेवटी यादी सापडली.
डावीकडं नावं, उजवीकडं आकडे,
आमच्या खातेवहीसारखीच,
फक्त आकडे जिवंत.
आलेलं वेगळं, गेलेलं वेगळं.
काही आणायचं तरी थोडं पाठवावं लागतं,
हे मला कुणी शिकवायला नको होतं:
धोटा परत यायचा
तर आधी गेलेला असावा लागतो.

ब्राउझर, चिमूटभर.
अपडेट पाव्हण्यासारखं, येतं, बसतं, जातं.
व्हायरसचा राखणदार रोजचं थोडं खातो, खाऊ दे.
आणि सगळ्यात खाली
फोटोंच्या प्रती कुठंतरी लांब नेऊन ठेवणारा एक,
त्याच्यापुढचा आकडा चढत होता, चढतच होता.
सगळं जाणारं. येणारं जवळजवळ नाहीच.

लांब वही काढली, तीन रात्री जागले.
अकराला सुरू.
दोनला तीन जीबी.
चारला आमच्या फीडरची लाईट जाते,
सगळं काळं.
दुसऱ्या रात्री पुन्हा शून्यापासून,
तीच फाइल, रोज पाच.
बोटं मोजायची गरजच नव्हती.
वीस पंचे शंभर.

उघडली.
चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, मोनाप्पाच्या फोनवरचा.
शेवटचा माग विकायच्या आदल्या दिवशी,
चालतो हे इचलकरंजीच्या गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेला.
खट्-खटाक्, खट्-खटाक्,
जांभळा ताणा, मधे एकदा धागा तुटतो
आणि कडेनं माझाच हात आत येतो,
गाठ मारतो, निघून जातो.
गिऱ्हाइकानं दोन मिनिटं बघून पैसे मोजले होते.

माग टेम्पोत चढून गेला त्याला तीन महिने झाले.
आणि हा रोज रात्री घरातून निघतो,
उंबऱ्यापर्यंत पोचतो,
तेवढ्यात लाईट जाते.

मोनाप्पाला दाखवलं.
"पुसून टाक की गे," म्हणाला,
आणि खुर्ची ओढून
चाळीसच्या चाळीस मिनिटं बसला.

काल झेरॉक्सवाल्या बसूकडनं बॅटरी मागून आणली.
चारला गल्ली काळी झाली.
आमचा हिरवा दिवा तेवढा.
चार वाजून सोळा मिनिटांनी आकडा थांबला,
मग शून्य,
मग दिवा एकदाच लुकलुकला, थांबला.
डब्याचा पंखा एवढा आवाज करतो
हे मला तोवर माहीत नव्हतं.

वहीत लिहिलं:
पाठवलं पाच. पोचलं पाच.
घटीच्या रकान्यात काय मांडायचं ते ठरेना.
तो तसाच ठेवून
पेनाला टोपण लावलं.