पाणी घालणारा

माझ्या बताक्यावर हुद्दा लिहिलाय: पाणी घालणारा.
अरबीत. मला वाचता येत नाही.
पहिल्या दिवशी शाहजलालने वाचून दाखवला
आणि तो पोट धरून हसला.

वफ्राच्या या रोपवाटिकेत
सहा हजार काळ्या पिशव्या आहेत,
प्रत्येकीत वाळू, चिमूटभर खत
आणि अर्फजाचं एक रोप,
म्हणजे काडी. म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

बदरिया मॅडमने बजावलं होतं:
दहा दिवसांतून एकदा. पेलाभर. पहाटे.
उन्हाळ्यात ती पानं टाकतील,
केरसुणीच्या हिरांसारखी दिसतील,
तेव्हा हात मागे बांधून उभा राहा.

मी आचऱ्याचा.
आमच्याकडे पोफळीला शिंपणं असतं,
पाटाचं पाणी आळ्यात वळवायचं,
पोफळीच्याच विरीने उपसून
तिच्याच मुळाशी फेकायचं.
घोटाभर चिखलात माझं लहानपण गेलं.
बाबा म्हणत,
झाडाक तान लागली काय आपल्या घशाक कळता.

ऑगस्टात तोझ सुटला.
धुळीत समोरची पिशवी दिसेना,
पारा पन्नासाला टेकलेला,
आणि माझा घसा!
त्या रात्री टॉर्च न लावता
शेवटच्या रांगेतल्या चाळीस रोपांना मी पाइप लावला.
पोटभर.
वाळूने ते पाणी ज्या आवाजात प्यायलं
तो आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता.
परत आलो आणि गाढ झोपलो.

तिसऱ्या आठवड्यात चाळीसच्या चाळीस
बुंध्याशी काळी पडली.
मॅडमने एक उपटलं, मूळ नाकाशी धरलं,
माझ्याकडे बघितलं, मग पाइपकडे.
बोलली काहीच नाही.
चाळीस रिकाम्या पिशव्या हातात दिल्या
आणि सुक्या बोंडांची एक गोणी.

तर बी असं करायचं:
फुलाचं बोंड अख्खंच गळतं, बिया आत अडकलेल्या.
मागच्या सालचं घ्यायचं, यंदाचं रुजायला कुरकुरतं,
त्याला मध्ये एक उन्हाळा लागतो.
अंगठ्याने चुरायचं, हलक्या हाताने, फुंकर न मारता.
वर वाळूची साय. नखाहून जाड नको.
नोव्हेंबरात कुंपणाच्या तारेवर दंव दिसलं की पेरायचं
आणि दुसऱ्या कामाला लागायचं,
सारखं येऊन बघायचं नाही. (मी बघतो.)
वाळलंय की मेलंय, ते नखाला विचारायचं:
साल जराशी खरवडली
आणि आत हिरवी रेघ दिसली, तर आहे.

फेब्रुवारीत मोठी दोनशे रोपं
वाळवंटात नेली, कुंपणाआड,
उंटाची मान पोचणार नाही इतक्या आत.
मोजून तीनदा पाणी.
मग पाइप गुंडाळून गाडीत टाकला.
परतताना शाहजलाल म्हणाला,
हे ओलं असलं तरी पेटतं,
बदू लोक थंडीत शेकायला उपटून नेतात.
नेऊ देत, मी म्हटलं.
खोटं म्हटलं.

एप्रिलात अकरा फुलली.
दोनशेंतली अकरा.
पिवळी, शर्टाच्या गुंडीएवढी,
वास येतो, पण गुडघे टेकलेत तरच.
बायकोला फोटो पाठवला.
ती म्हणाली, एवढ्या लांब जाऊन
सोनकी काय लावत बसलात?
तिला काय सांगणार. वर्षभर मी
तिला लावत नव्हतो, तिच्या वाटेतून बाजूला होत होतो.
रात्री खोलीत मात्र अजून
हाताची मूठ पाइपाभोवती असल्यासारखी वळते.

काल बताका बदलायला गेलो.
काचेमागच्या माणसाने वर न बघता विचारलं, काम?
पाणी घालतो, मी म्हटलं.
खिशातून जुनं कार्ड काढताना
दोन सुकी बोंडं काउंटरवर सांडली.
त्याने कार्डाच्या कडेने ती लोटली.
मी खाली वाकलो.
रांगेतले पाय, चपला, कुणाची तरी पिशवी,
मागून कुणीतरी खाकरलं.
दोन होती.
एकच सापडलं.