शेवटचा फर्मा

पुराच्या साली वाचनालयातून
तीन रिक्षा भरून पुस्तकं आली माझ्याकडं.
चिखलाचा वास महिनाभर हाताला होता.
शब्दकोश वाचले, चरित्रं फुगून मेली,
आणि मुलांच्या कपाटातली एक रहस्यकादंबरी
एकशे अठ्ठाविसाव्या पानापर्यंत शाबूत निघाली.
पुढची सोळा पानं
एकमेकांना चिकटून वीट झालेली.

वाफ दिली. हाडाची पट्टी घातली.
कडेकडेनं सोडवत गेलो तेव्हा निघाले
"छिन्नी", "आईनं", "कुणालाच नाही",
आणि एक पूर्णविराम, ज्याच्या आधी काहीच नव्हतं.
बाकी लगदा.

कुजलेलं कापायचं, हा धंद्याचा नियम.
पण कण्याला जाडी लागते,
म्हणून सोळा कोरी पानं शिवून टाकली,
खळ लावली, रात्रभर दाबाखाली ठेवलं.

श्रावस्ती वाघमारे, सातवी ब.
दप्तर पाठीवर, पुस्तक छातीशी.
"मुनाफकाका, नाव कुणी खोडलं?"
मला कुठलं ठाऊक?
चाळीस वर्षं पुस्तकं शिवतोय,
वाचत बसलो असतो तर चूल पेटली नसती.
मग तिनंच सांगितलं, उभ्या उभ्या:

हे आपलंच कराड, तेव्हाचं करहाटक.
घाटावरून मिठाचे बैल उतरतायत.
मणी घडवणाऱ्याची पोर, सामिका.
डोंगरात लेणं कोरणं चाललंय,
खांबावर दान देणाऱ्याचं, तिच्या बापाचं, नाव,
आणि एका पहाटे ते नाव छिलून काढलेलं!
खांब जागेवर. दान जागेवर. नाव तेवढं गेलं.
पहारेकरी म्हणतो, मी काही पाहिलं नाही.
सामिका दगडाची भुकटी चाळते,
तिच्या तळहातावर येतो
अर्धा फुटलेला निळा मणी, तिच्याच घरातला.

इथं पान संपतं.

रविवारी ती जखिणवाडीकडून आगाशिव चढून आली.
"खांबावर हात फिरवला, काका.
खडबडीत लागतं.
नाव होतं का नव्हतं, बोटांना कळत नाही."
आणि कोऱ्या पानांवर पेन्सिलीनं
तिनं शेवट लिहिला:
मणी आईनं विकले होते, रात्र रात्र भोकं पाडून.
खांबावर नाव मात्र बापाचं.
छिन्नी आईनंच मारली.

ते ओले शब्द माझ्या गल्ल्यात होते, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी तिला कधी दाखवले नव्हते.
आताही दाखवले नाहीत.

दिवाळीनंतर पुस्तक परत आलं, टाके ढिले.
श्रावस्ती मागोमाग, नाक लाल.
"माझा शेवट कुणी खोडला?"

तिच्या अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरं, ठसठशीत:
चोर पहारेकरीच, होडीतून पळतो,
कृष्णा-कोयनेच्या भोवऱ्यात सापडतो, वगैरे.
पानांच्या बेचक्यात रबराचा चुरा,
हिरवा, पेरूच्या वासाचा.
तो वास मी ओळखला.
माझ्या नातवाच्या कंपासात असतो.

मी म्हणालो, मी काही पाहिलं नाही.

पण पान बल्बसमोर आडवं धरलं.
तिरका उजेड पडला तशा
तिच्या पेन्सिलीच्या चरी उठून आल्या,
होडीच्या खालून, भोवऱ्याच्या खालून,
"आईनंच" हा शब्द तर सगळ्यात खोल.
पोर बघत राहिली. मग म्हणाली,
"काका, संध्याकाळी लेण्यात ऊन आडवं येतं का हो?"
आणि उत्तराला थांबलीच नाही.

मी टाके उसवले. आणखी सोळा पानं घातली.
अर्सलानला हाक मारून रबर मागून घेतलं.

परवा वाचनालयाच्या पावसकरबाई रजिस्टर घेऊन आल्या.
"दाखलपत्रात पानं एकशे चव्वेचाळीस.
मोजली तर एकशे साठ. हे कसं?"
मी खळीच्या वाटीतून मान वर काढली नाही.
म्हणालो, बाई,
पुराचं पाणी प्यालेला कागद आहे.
फुगतो.