कच्चं मांस, चार नग

रानडुकराला तिसरा भाला लागला
तेव्हा आबा पलंगावरून म्हणाले,
जरा वरून मारायचा होतास, मानेच्या मागे.
त्यांना वाटलं, आता मी ते उलटं टांगेन,
कातडं सोडवेन,
पित्ताची पिशवी न फोडता अलगद काढेन.
मी एक बटण दाबलं.
डुक्कर नाहीसं झालं.
रक्त नाही, माशी नाही, गवतसुद्धा दबलं नाही.
कोपऱ्यात अक्षरं आली:
कच्चं मांस, चार नग. कातडं, दोन.

चारच?
चाळीस वर्षं भद्रकालीत काटा धरलेला माणूस
उशीवरून अर्धा उठला.
एवढ्या धुडाचं चारच?
कलेजी कुठाय? चरबी? मुंडी कुणी नेली?
काटा मारतोय रे तुझा खेळ.
आणि हसले.
हसताना तोंडाची उजवी बाजू अजून मागे राहते त्यांची,
रविवारी उशिरा येणाऱ्या पोऱ्यासारखी.

मी नियम सांगितले.
कच्चं खाल्लं तर भूक पाव भागते आणि वर विषबाधा,
पडदा हिरवा होतो, माणूस झोकांड्या खातो.
शेकोटीवर वीस सेकंद ठेवायचं,
चाळीस झाले की कोळसा.
नुसतं बाळगलं तर तिसऱ्या दिवशी सडतं.
मीठ?
मीठ नाही आबा यात.
हळद तरी?
नाही.
मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
बिनमिठाच्या बेटावर मी एकटा राहतोय
याची काळजी वाटली असावी.

मग म्हणाले, पातळ पट्ट्या काढ,
रेषा बघून, रेषेच्या उभ्याने,
आणि दोरीवर चान्या घाल. ऊन फुकट आहे ना तिथं?
मांडवाला सहा काठ्या लागतात,
माझ्याकडे दोनच होत्या.
मी शेकोटी पेटवली.
इकडे खिडकीच्या फटीतून गंगेवरचा वारा येत होता,
नाशकातला डिसेंबर, त्यांच्या पायावर दुसरी गोधडी.
दोघंही त्या चित्रातल्या जाळाकडे
हात धरल्यासारखे बसलो होतो.

तेवढ्यात लांडगा आला.
मी भाला उचलला.
थांब, म्हणाले. त्याच्या बरगड्या बघ.

दुकान आता मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला दिलंय.
ठोकळा मागच्या मोरीत आडवा आहे, मधोमध खोलगट झालेला,
त्यावर आई कपड्यांची बादली ठेवते.
पण रात्री नऊला शटर पडतं तेव्हा
खंड्या आणि त्याचं टोळकं अजून येऊन बसतं पायरीवर.
कव्हरवाला हाड हाड करतो.
छाट कुणालाच मिळत नाही.
हे मी आबांना सांगितलेलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.

त्यांनी डाव्या हाताने माउस ओढला.
शेकोटीवरचं अर्धं भाजलेलं काढलं नाही,
पिशवीतलं कच्चं टाकलं त्याच्यापुढे.
तीन नग. दोन. एक.
आबा, माझी भूक लाल झालीय.
गप रे.
शेवटचा तुकडा पडला आणि लांडग्याच्या डोक्यावर
एक बारकंसं हृदय उगवून विरलं.
खाली रिकामी चौकट: नाव द्या.

ख शोधायला त्यांना किती वेळ लागला,
मी मोजला नाही.
डावं बोट अक्षरांवरून फिरत होतं,
जसं पूर्वी सुरी उचलण्याआधी
सगळ्या सुऱ्यांवरून फिरायचं.
अनुस्वार मिळेना. मी दाखवणार होतो, दाखवला नाही.
शेकोटीवरचं मांस तोवर कोळसा झालं
आणि माझा माणूस गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, मेला.

मेलो ना आबा मी.
मेलास तर मेलास, सकाळी उठशील की,
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
याला मात्र रोज नऊला लागतं.
लिहून ठेव कुठंतरी.