वाकडा चमचा

गॅरेज आवरायच्या तिसऱ्या दिवशी
बाबांच्या अवजारांच्या पेटीत, अगदी तळाशी,
पाने आणि कानशींच्या खाली
तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो निघाला.
चांदीचा. दांड्यावर द्राक्षाचा वेल.
मानेपाशी काटकोनात वाकवलेला,
पकडीच्या दातांचे वळ अजून अंगावर.

इग्गी म्हणाला, "आईला दाखवू नकोस."
तोवर मी अंगण ओलांडलं होतं.

सहाचा संच होता तो, तिच्या लग्नातला.
एकोणीस वर्षांपूर्वी, ईस्टरच्या जेवणानंतर,
तिने मोजले तर पाच.
त्या दिवशी भांडी पुसायला उभी होती रोझलीन आत्या.
एवढंच.
आई कोणाला काही बोलली नाही.
नाताळचं कार्ड जायचं थांबलं,
आणि चर्चच्या पायऱ्यांवर आत्या समोर आली
की आई बुटाची नाडी बांधायला वाकायची.
तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

बाबा सगळं बघत होते,
आणि दर शनिवारी रात्री गॅरेजचं दार ओढून
आपल्या सख्ख्या बहिणीवरचा आळ
ग्लासाच्या काठावर उपडा टांगत होते.

आईने चमचा उलटसुलट केला.
"ह्याने काय करायचा तो?"
इग्गीने फ्रीज उघडला. सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आधी पिवळी, ग्लास तिरका धरून,
अर्ध्याच्या जरा वर, शेवटी थोडा फेस उठवून.
मग चमच्याची पाठ वर, आणि तिच्यावरून काळी,
इतकी सावकाश की खालचीला पत्ता लागू नये.
इग्गीला धीर कधीच नव्हता.
कॅन भसकन उपडा झाला,
आणि ग्लासात गाडी धुतल्याचं पाणी.
ते त्याने सिंकपाशी उभ्यानेच पिऊन टाकलं,
वाया कशाला घालवायचं म्हणून.

"सरक," आई म्हणाली.
अठ्ठावीस वर्षं इस्पितळात
लोकांच्या शिरा शोधलेला तिचा हात.
कॅनमधला गोळा एकदा खडखडला, मग गप्प.
चमच्याच्या पाठीवरून धार पसरली,
कडेने उतरली,
आणि थांबली.
वर काळं, खाली सोनं,
मध्ये सुईने ओढावी तशी रेघ.

"बुडत कशी नाही?" तिने विचारलं.
काळी दिसते जड, असते हलकी,
बाबा म्हणायचे, मी म्हटलं.
म्हणजे मला ठाऊक होतं.
बाराव्या वर्षी मी त्या दाराच्या फटीतून पाहिलं होतं;
चमचा पाहिला होता की नव्हता,
हे मी आजवर स्वतःला विचारलेलं नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

खिडकीबाहेर ब्यूटची टेकडी,
बंद खाणींच्या मनोऱ्यांवर लाल दिवे लागलेले,
फेब्रुवारीचा बर्फ रस्त्याकडेला काजळलेला.
आई एक घोट प्यायली. वरची मिशी पुसली नाही.
दुसरा घोट.
मग, "लबाड मेला," असं म्हणाली,
जो मेलाच होता त्याला, पाच आठवड्यांपूर्वी,
ज्याच्या मयतीला आत्या मागच्या बाकावर बसून
न जेवता निघून गेली होती.

चमचा तिने धुतला.
मखमलीच्या पेटीतल्या सहाव्या खाचेत ठेवून पाहिला.
बसेना. झाकण लागेना.
तसंच उघडं ठेवून तिने फोन उचलला.
नंबर पाठ होता, ह्याचं आम्हाला नवल वाटलं.

बराच वेळ घंटी वाजली.
"रोझलीन? मी विनिफ्रेड."
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"चमचा सापडला."

शांतता. फ्रीजची घरघर.
मग आत्याचा आवाज, म्हातारा, खरखरीत,
आम्हा तिघांनाही स्वच्छ ऐकू आला:

"कुठला चमचा?"

आईचं तोंड उघडलं, मिटलं.
ग्लासातली रेघ अजून जागेवर होती.
इग्गीने न विचारता
आणखी एक बाटली उघडली.