पाणसळ

अमान्कायची मान डावीकडे झुकलेली.
दाराबाहेरून कुणी हाक मारावी
आणि तिनं कान द्यावा, तशी.
फक्त हाक कुणी मारलेली नसायची.

एर्मिंदा मावशी म्हणाली, झोपेत अवघडली असेल.
लोकरीच्या पट्टीत गरम मीठ बांधून शेकलं.
मग आठवड्यातून दोनदा नोएमी यायची,
मानेचा स्नायू ओढायची, पोर किंचाळायची,
मी अंगणात जाऊन उगाच फळी तासत बसायचो.
सहा महिने.
हात काढला की मान पुन्हा तिथंच,
वाकवलेली ओली फांदी सुटावी तशी.

शाळेत फोटोवाल्यानं हनुवटीला बोट लावलं.
खोटं कशाला सांगू, मीही ओरडलोय तिच्यावर:
सरळ बघ. सरळ!

मी होड्या बांधतो.
खिशात कायम पाणसळ असते,
काचेच्या नळीत पिवळं पाणी, त्यात एक बुडबुडा.
आमच्या चिलोएत घरंसुद्धा खांबांवर, खाली समुद्र ये-जा करतो,
त्यामुळे कलणं म्हणजे काय ते मला कळतं
असं मला वाटायचं.

फेरीनं पुएर्तो मोंतला गेलो.
डॉक्टर ओयार्सुननं पडद्यावर तिच्या डोक्याचे काप दाखवले.
उजव्या कानात खूप आत, शंखाला लागून
तीन इवल्या कमानी.
डावीकडे नुसती पोकळी, गुळगुळीत.
सुतारानं खूण केली, जेवायला गेला
आणि परत आलाच नाही.

"मानेचा काही दोष नाही," तो म्हणाला,
"मान सांगितलेलं ऐकते.
वर कुठे, खाली कुठे, ते कमानीतलं पाणी सांगतं.
हिला एकाच बाजूनं निरोप येतो."
मी विचारलं, पाणी किती असतं?
"एका थेंबाहून कमी."

एका थेंबाहून कमी.
आणि मी चार-चार टनांची लाकडं तोलत आलो.

परतलो तेव्हा कास्त्रोला ओहोटी होती.
चिखलात होड्या कुशीवर कलंडलेल्या, दोर सैल, तळाला शेवाळ.
एकीलाही कुणी म्हणत नव्हतं, सरळ हो.
अमान्काय बराच वेळ बघत राहिली.
तिला त्या उभ्या दिसत होत्या का,
विचारायचं राहिलं.

"रात्री जपा," डॉक्टर म्हणाला होता,
"अंधारात डोळ्यांचाही आधार जातो."
म्हणून घराकडे येणाऱ्या फळीच्या दोन्ही टोकांना दिवे लावले,
तिच्या हाताशी येईल असा दोर ताणला.
गाठी तिनंच मारल्या. दोन सुटल्या, मी गुपचूप आवळल्या.

परवा ती झोपल्यावर दिवे मालवले.
डोळे मिटले, दोर सोडला,
फळीवर उभा राहिलो.
खाली भरती चढत होती, नुसता आवाज.
तिसऱ्या पावलाला लक्षात आलं,
माझी मान
कुणी हाक न मारता
झुकलेली आहे.