खऱ्या बाई

पोर्ट आर्थरच्या रिफायनरीत सात वर्षं
मी तेलाचे नमुने तपासले.
बाटली उलट उत्तर देत नाही.

आता तिसरा तास, सातवीची एकतीस मुलं.
पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून
यारेत्झीने विचारलं,
"खऱ्या बाई कधी येणार?"

फळ्याकडे वळले. हातात मार्कर,
तोही वाळलेला.

रात्री भांडी सरकवून त्याच टेबलावर कोर्स.
वर्गनियंत्रण, प्रकरण चार.
प्रकरण चारमध्ये ट्रेमेन नाही,
जो बाकावर डोकं टाकून झोपतो,
कारण आई रात्रपाळीला
आणि धाकटी पहाटेपर्यंत रडते.
त्याला मी उठवत नाही.
हे कुठल्या पेपरात लिहायचं, आणि किती मार्कांना?

समोरच्या वर्गातल्या एबेरबाई,
तीस वर्षं खारात मुरलेल्या लोणच्यासारख्या, म्हणाल्या,
"आवाज चढवू नकोस गं, उतरव.
ऐकायला पोरं पुढे झुकतात."
झुकली.
दोघं-तिघंच. पण झुकली.

मार्चमध्ये लिफाफा आला.
राज्याचा शिक्का, खाली व्हर्ना गिड्री,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.
दुरुस्तीला परत धाडलं.
म्हणजे कागदावर अजून मी कुणीच नाही.

त्याच आठवड्यात एक बदली शिक्षक
वर्ग चुकून दाराशी डोकावला.
यारेत्झीने वहीतून मानही वर केली नाही.
"इथे नाही. आमच्या बाई आहेत."

मी उगाच खणात लिटमस शोधत राहिले.
सापडला.
लाल की निळा,
दिसेना.