सातवी बरगडी

चोडणच्या फेरीत उभं राहिलं की
समोरच्या गाडीच्या काळ्या काचेत दिसतं ते :
डावीकडे दबलेलं, मधे बोट टेकेल एवढी खाच,
टोक मात्र अजून वर,
बावीस वर्षांपूर्वी बेळगावात ठरवून दिलं तसं.

तेव्हा तीन स्थळं चहा पिऊन गेली होती.
आई म्हणायची, आमच्या माहेरी असलं नाक कुणाचं नाही.
बाबा काहीच म्हणाले नाहीत.
त्या वर्षीचा सगळा काजू विकला
आणि दवाखान्याच्या खिडकीशी नोटा मोजून दिल्या,
स्वतःचंच नाक
माझ्या चेहऱ्यावरून काढून टाकायच्या.

चौथं स्थळ रोहिदासचं.
पुढे कधीतरी विचारलं, त्या दिवशी नाक कसं वाटलं होतं?
म्हणाला, मी घड्याळाकडे बघत होतो,
सातची फेरी चुकली असती.

शिट्टी सुरू झाली ती नंतर, पाचव्या-सहाव्या वर्षी.
आतल्या पडद्याला भोक, मसुराएवढं.
झोपले की वाजतं.
माहेरी दोन रात्री राहिले तर रोहिदास फोन करतो,
झोप येत नाही गं, फार शांत आहे.
प्रेमानंच म्हणतो.
मला मेलं रडू येतं, आणि रडलं की नाक चोंदतं.

हुमणात तिरफळं जास्त पडली की कमी
हे आता जेवणाऱ्यांच्या तोंडावरून कळतं.
गेल्या वैशाखात गॅस चालू राहिला,
शेजारची आंतोनेत ओरडत आली.
मी ओट्यापाशीच उभी होते,
कोथिंबीर निवडत.

डॉक्टर नेवगी म्हणतात, पडद्यात घेण्यासारखं काही उरलं नाही,
सातव्या बरगडीची कूर्चा काढावी लागेल.
दुसऱ्या खेपेला वाट जुन्या व्रणांतून काढायची असते,
सरळ मिळत नाही.
खात्री किती?
सत्तर टक्के.
मग पेनाला टोपण लावत : पासष्ट म्हणा.
सिस्टर एर्मेलिंदा रक्तदाबाचा पट्टा सोडवताना हसली,
देवानं एका बरगडीत अख्खी बाई केली, बाय,
आमच्या डॉक्टरांचं नुसतं नाक होतं, आणि बिल बघ.

मी पणजीत पासपोर्टचे फोटो काढते.
दिवसाला दोघी-तिघी विचारतात, नाक जरा बारीक होईल?
होतं. तीन क्लिक.
चौथ्या क्लिकला परतही येतं.
काल एका पोरीचं केलं, तिला दाखवलं आणि पुसलं.
म्हटलं, विमानतळावरचं यंत्र ओळखणार नाही तुला.
ती माझ्याकडे बघत राहिली,
तिथेच, जिथे सगळे बघतात
आणि मग माझ्या कानातल्यांचं कौतुक करतात.

डॉक्टरांनी कागदावर नवं नाक काढून दाखवलं,
सरळ, पट्टीनं आखल्यासारखं.
मी पेन्सिल मागितली.
मधोमध एक उंचवटा काढला, लहानसा,
बाबांचा चष्मा अडकून राहायचा तेवढा.
ते म्हणाले, हा घालवायला येतात लोक.
म्हटलं, ठाऊक आहे.

सगळ्यांना सांगते, श्वासासाठी करते आहे.
खोटं नाही ते.
एकदा तरी दोन्ही बाजूंनी, छाती भरून, आवाज न करता.
पण पेन्सिलीचं अजून कुणाला बोलले नाही.
आई म्हणेल, पंचेचाळिसाव्या वर्षी
बापाचं नाक कशाला हवंय तुला?
याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.
शिवाय बरगडी काढल्यावर म्हणे
महिनाभर हसतानाही दुखतं.

फेरीचा फाळका धाडकन पडतो.
मोटारसायकली आधी, मग आम्ही.
फॉर्मवर सही राहिली आहे.
फॉर्म पिशवीत, त्याच्याखाली सुंगटं,
बर्फ वितळू लागलेला.
घरी पोचेपर्यंत कागदाला वास लागेल.
किती लागला,
ते रोहिदास सांगेल.